ऑफ-रोड ट्रायथलॉनसाठी सायकलची निवड (वर्धा जिल्हा)

ऑफ-रोड ट्रायथलॉन, म्हणजेच क्रॉस ट्रायथलॉन, हा पोहणे, माउंटन बाइक चालवणे आणि आडवाटेने धावणे असे तीन टप्पे सलग पूर्ण करण्याचा क्रीडाप्रकार आहे. नेहमीच्या ट्रायथलॉनपेक्षा त्याचे वेगळेपण प्रामुख्याने सायकलीच्या टप्प्यात दिसते. डांबरी रस्त्याऐवजी येथे मातीच्या वाटा, दगडगोटे, चढउतार आणि प्रसंगी चिखल असतो. सायकलीच्या निवडीवर स्पर्धेचे नियम, जमिनीचा प्रकार, ऋतू, सायकलस्वाराची शरीरयष्टी आणि दुरुस्तीची सोय यांचा परिणाम होतो. यांपैकी जमिनीचा विचार बहुधा सर्वांत शेवटी केला जातो. वास्तविक तो सर्वांत आधी व्हायला हवा. महाराष्ट्राच्या विदर्भ विभागातील वर्धा जिल्ह्यात काळी चिकण माती, मुरमाड टेकड्या, बैलगाडीच्या चाकोऱ्या आणि काटेरी झुडपे थोड्याच अंतरात एकामागून एक भेटतात. त्यामुळे जमिनीवरून सायकल ठरवण्याची रीत येथे स्पष्टपणे समजून घेता येते.

क्रीडाप्रकार व नियम

या प्रकाराचा प्रसार प्रामुख्याने एक्सटेरा या स्पर्धामालिकेमुळे झाला. तिची पहिली शर्यत १९९६ मध्ये हवाई बेटांपैकी माउई येथे झाली. तेव्हा तिचे नाव अ‍ॅक्वाटेरा असे होते. पूर्ण अंतराच्या एक्सटेरा शर्यतीत साधारणतः १.५ किलोमीटर पोहणे, ३० किलोमीटरच्या आसपास माउंटन बाइक आणि १० किलोमीटरच्या आसपास धावणे असते. आंतरराष्ट्रीय ट्रायथलॉन संघटनेची पहिली जागतिक क्रॉस ट्रायथलॉन स्पर्धा २०११ मध्ये स्पेनमधील एक्स्ट्रेमाडुरा येथे भरली.

शर्यतीच्या एकूण वेळेपैकी निम्म्याहून अधिक वेळ सायकलीवर जातो. १९९० मध्ये माउंटन बाइक क्रॉसकंट्रीचे जागतिक विजेतेपद मिळवणारा अमेरिकी सायकलपटू नेड ओव्हरएंड याने पुढे १९९८ आणि १९९९ अशी सलग दोन वर्षे एक्सटेराचे जागतिक विजेतेपद पटकावले, यावरून सायकलीच्या टप्प्याचे महत्त्व लक्षात येते. अवघड वाटेवर सायकल हाताळण्याचे कौशल्य या खेळात पोहण्यातील उणीव भरून काढू शकते.

रस्त्यावरील ट्रायथलॉनमध्ये वापरली जाणारी सायकल येथे चालत नाही. वर्ल्ड ट्रायथलॉनच्या क्रॉस प्रकाराच्या नियमांत रोड सायकलीसारखे खाली वळलेले हँडल आणि कोपरे टेकवण्याचे पुढचे दांडे यांना मनाई आहे. टायर किमान १.५ इंच रुंद असावे लागतात. दुसऱ्या सायकलीच्या आडोशाने जाण्याची, म्हणजे ड्राफ्टिंगची, मुभा असते. अलीकडे लोकप्रिय झालेल्या ग्रॅव्हल सायकलीला वळलेले हँडल असते. त्यामुळे ती सरावाला कितीही सोयीची वाटली, तरी अशा शर्यतीत तिचा उपयोग होत नाही. आयोजकांप्रमाणे नियमांत थोडाफार फरक पडत असल्याने सायकल घेण्यापूर्वी संबंधित शर्यतीची नियमपत्रिका वाचणे आवश्यक ठरते.

गोव्यात २०१९ मध्ये सुरू झालेली आयर्नमॅन ७०.३ ही शर्यत डांबरी रस्त्यावर होते. अशा शर्यतींतून ट्रायथलॉनकडे वळलेल्या खेळाडूकडे बहुधा रोड सायकल असते, आणि आडवाटेच्या शर्यतीसाठी त्याला नव्याने विचार करावा लागतो.

वर्धा जिल्ह्याची जमीन

जिल्ह्याचा बहुतांश भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसला आहे. उत्तरेकडील आष्टी, कारंजा, आर्वी आणि सेलू या तालुक्यांत सातपुड्याच्या उपरांगा व पठारे आहेत. दक्षिणेकडे देवळी, हिंगणघाट आणि समुद्रपूर या बाजूला जमीन सपाट व लहरी होत जाते. समुद्रपूर तालुक्यातील गिरडची टेकडी या सपाटीला अपवाद आहे. वर्धा नदी जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरून वाहते. धाम, बोर, यशोदा आणि वणा या आतल्या नद्या होत.

शेतकऱ्यांनी येथील मातीचे परंपरेने काळी, मोरंड, खरडी आणि बरडी असे प्रकार मानले आहेत. हे वर्गीकरण पिकांसाठी झाले असले, तरी सायकलस्वारालाही ते उपयोगी पडते. नदीकाठची व खोलगट भागातील काळी जमीन खोल आणि चिकण असते. मोरंड तिच्याहून किंचित हलकी असून तिच्यात चुनखडीचे खडे मिसळलेले असतात. खरडी पातळ थराची व खडेमिश्रित, तर बरडी ही उंचवट्यावरची मुरमाड, दगडाळ जमीन असते. बरडीवर पाऊस पडून गेल्यावर काही तासांत सायकल चालवता येते. खोल काळ्या जमिनीवर त्यासाठी कित्येक दिवस थांबावे लागते.

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट गटातील चिकणखनिजांचे प्रमाण मोठे असते. या खनिजांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात जमिनीला पडणाऱ्या रुंद भेगा आणि पावसाळ्यात पायाला चिकटणारे मातीचे गोळे ही एकाच गुणधर्माची दोन रूपे आहेत. सायकलीच्या दृष्टीने सर्वांत घातक अवस्था पूर्ण ओल्या मातीची नसते. पाणी पुष्कळ असेल तर चिखल पातळ होऊन चाकावरून निथळतो. पाऊस थांबल्यावर अर्धवट वाळलेली माती मात्र टायरला थरावर थर चढवत जाते, आणि चाक फोर्कमध्ये अडकून थांबते. शेतकरी ज्या अवस्थेला वाफसा म्हणतात, म्हणजे ओल टिकून असूनही माती अवजाराला चिकटत नाही ती अवस्था, तीच पांदण रस्त्यावर सायकल नेण्याचीही योग्य वेळ होय. मूठभर माती दाबून सोडल्यावर ती बोटांना न चिकटता भुसभुशीत फुटली, तर ती टायरलाही फारशी चिकटणार नाही.

जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे १,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात पडतो. मे महिन्यात कमाल तापमान ४५ अंश सेल्सियसच्या पुढे जाते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सरावास सर्वांत सोयीचा असतो. मात्र याच काळात ओलितासाठी पाणी सोडले जात असल्याने कालव्याकडेच्या व शेतातल्या वाटा ऐन हिवाळ्यातही अधूनमधून चिखलाच्या होतात.

सरावाच्या वाटा निवडतानाही काही मर्यादा पाळाव्या लागतात. सेलू तालुक्यातील बोर अभयारण्य १९७० मध्ये घोषित झाले आणि २०१४ मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. तेथे वाघ व बिबटे यांचा वावर आहे, आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश करणे हा गुन्हा आहे. लगतच्या गावांच्या वाटांवरही पहाटे वा तिन्हीसांजेला एकट्याने सायकल चालवणे टाळावे लागते. जिल्ह्यातून जाणारा नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग सायकलींना बंद आहे. उरतात त्या गावांना जोडणाऱ्या कच्च्या वाटा, पांदणी, कालव्याकडेचे रस्ते आणि बरड टेकड्या. सरावाला त्या पुरेशा आहेत.

टायर आणि काटे

या जमिनीवर सायकलीचा सर्वांत निर्णायक भाग टायर हा होय. फ्रेम कोणत्या धातूची आहे यावरून जेवढी चर्चा होते, तिच्या निम्मी जरी टायरवर झाली, तरी पुष्कळ पैसे वाचतील.

पहिला प्रश्न पंक्चरचा आहे. उघड्या, हलक्या जमिनीवर आणि वाटांच्या कडेला पसरणारा सराटा, म्हणजे गोखरू, कोणत्याही बाजूने पडला तरी एक काटा वर राहील अशा घडणीचे फळ धरतो. बाभळीचे लांब काटे आणि बोरीचे वाकडे काटे कुंपणासाठी बांधावर टाकलेले असतात व तेथून वाटेवर येतात. पऱ्हाटी आणि तूर कापल्यानंतर जमिनीत राहिलेले तिरके, टोकदार खुंट टायरची बाजूची भिंत फाडतात. काट्याने पडलेले छिद्र बुजवता येते, फाटलेली भिंत बुजत नाही.

काट्यांवर सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे ट्यूबलेस टायर. त्यात ट्यूबऐवजी रबराच्या चिकाचे द्रव मिश्रण, म्हणजे सीलंट, घातलेले असते. काटा रुतताच ते मिश्रण छिद्रात जाऊन घट्ट होते आणि बहुतेक वेळा स्वाराला पंक्चर झाल्याचे कळतही नाही. विदर्भातील उष्णतेत हे मिश्रण लवकर सुकते. थंड प्रदेशात ते अनेक महिने टिकत असले, तरी येथे उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी ते तपासून पुन्हा भरणे इष्ट असते. ट्यूबलेस परवडत नसेल तर ट्यूबमध्येच सीलंट घालणे किंवा टायर व ट्यूब यांच्यामध्ये संरक्षक पट्टी बसवणे हे पर्याय आहेत. पट्टीने चाक जड होते, पण सरावाच्या सायकलीत त्याची अडचण वाटत नाही.

दुसरा प्रश्न रुंदीचा व नक्षीचा. क्रॉसकंट्री शर्यतीसाठी सध्या २.१ ते २.४ इंच रुंदीचे टायर वापरले जातात. वर्ध्याच्या कोरड्या ऋतूत सुमारे २.२ इंचांचा, मध्यभागी बुटक्या व दाट गुंड्यांचा आणि कडेला थोड्या उंच गुंड्यांचा टायर बहुतेक सर्व वाटांवर चालतो. मुरमावर सुटे खडे चाकाखाली घरंगळतात. तेथे कडेच्या गुंड्या वळणावर पकड देतात. पावसाळ्यासाठी मात्र तर्क उलटा होतो. रुंद टायर चिकण माती अधिक उचलतो आणि फोर्कमधली जागा कमी करतो. म्हणून ओल्या काळ्या मातीत १.९ ते २.१ इंचांचा, विरळ व उंच गुंड्यांचा टायर चांगला, कारण गुंड्यांमधल्या मोकळ्या जागेतून चिखल निसटतो.

तिसरी बाब हवेच्या दाबाची. डांबरी रस्त्यावरून आलेले सायकलस्वार टायर दगडासारखे टणक फुगवतात. आडवाटेवर असा टायर प्रत्येक खड्यावर उडतो, पकड सोडतो आणि स्वाराला थकवतो. सुमारे ७० किलो वजनाच्या स्वाराला ट्यूबलेस टायरमध्ये प्रति चौरस इंच २२ ते २८ पौंड आणि ट्यूबच्या टायरमध्ये साधारण २८ ते ३५ पौंड दाब पुरतो. मागच्या चाकात पुढच्यापेक्षा दोन-तीन पौंड अधिक ठेवतात. ट्यूबमध्ये याहून कमी हवा ठेवल्यास दगडाच्या धक्क्याने ट्यूब रिम व टायर यांच्यात चिमटून तिला सापाच्या दंशासारखी दोन छिद्रे पडतात.

ग्रामीण भागात व्हॉल्व्हचा प्रश्नही क्षुल्लक नसतो. साध्या भारतीय सायकलीत वूड्स प्रकारचा, वॉलट्यूब असलेला व्हॉल्व्ह असतो. मोटारसायकलीला श्रेडर व्हॉल्व्ह असतो. महागड्या सायकलींना बहुधा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह येतो. हमरस्त्यावरच्या पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसर श्रेडरवर बसतो, प्रेस्टावर बसत नाही. काही रुपयांचे पितळी जोडटोपण खिशात असेल, तर गावाबाहेर अडकून पडण्याची वेळ येत नाही.

चाकाचा व्यास आणि मोकळी जागा

माउंटन बाइकच्या चाकांचे तीन आकार प्रचारात आहेत: २६ इंच, २७.५ इंच आणि २९ इंच. त्यांच्या रिमवर टायर बसण्याचे व्यास अनुक्रमे ५५९, ५८४ आणि ६२२ मिलिमीटर असतात. मोठे चाक भेगा व खड्डे सहज ओलांडते, त्यामुळे भेगाळलेल्या काळ्या जमिनीवर २९ इंची चाकाचा लाभ प्रत्यक्ष जाणवतो. उंची सुमारे १६० सेंटिमीटरपेक्षा कमी असलेल्या स्वाराला मात्र २९ इंची सायकलीत हँडल फार उंच येण्याची शक्यता असते, तेव्हा २७.५ इंची चाक घेणे शहाणपणाचे. २६ इंची चाकाच्या नव्या शर्यतयोग्य सायकली आता दुर्मीळ झाल्या असल्या, तरी जुन्या सायकलींत तो आकार सर्रास आढळतो आणि सरावाला पुरेसा असतो.

व्यासापेक्षाही अधिक दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे टायर आणि फ्रेम यांमधील मोकळी जागा. दुकानातील स्वच्छ फरशीवर ती कोणी मोजत नाही. टायरच्या दोन्ही बाजूंना आणि वर किमान ८ ते १० मिलिमीटर जागा असावी. चाचणी सोपी आहे: मागच्या चाकापाशी, पायडलच्या आसामागे जेथे फ्रेमचे दोन दांडे जवळ येतात, तेथे टायर व दांडा यांच्यामधून साधी पेन्सिल सहज सरकली पाहिजे. ती अडकत असेल तर पावसाळ्यातील पहिल्याच पांदणीवर चाकही अडकेल. खेड्यापाड्यांत दूधवाल्यांपासून शेतमजुरांपर्यंत सर्वांनी वापरलेली २८ × १½ इंची काळी सायकल जड आणि एकाच गिअरची होती, पण तिच्या चाकांभोवती जागा भरपूर असे. चिखलातून वाट काढण्याच्या या एका गुणात ती आजच्या कित्येक चकचकीत सायकलींना मागे टाकते. वाटेवर अडकलेला चिखल खरवडण्यासाठी फ्रेमला बांधलेली बांबूची छोटी काडी हे येथे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी साधन ठरते.

चिखल व गवत साखळीबरोबर ओढले जाऊन मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारी यंत्रणा, चाकाच्या आऱ्यांत जाणे हा आणखी एक धोका आहे. डिरेलर आणि फ्रेम यांना जोडणारा हँगर नावाचा नरम धातूचा तुकडा अशा वेळी मुद्दामच आधी मोडावा अशा रीतीने बनवलेला असतो. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असतो आणि लहान गावात तो मिळत नाही. म्हणून सायकल घेतानाच तिचा एक जादा हँगर विकत घ्यावा. चाक जड झाल्याचे जाणवताच पायडल मारणे थांबवून उतरणे, ही सवय त्याहून अधिक मोलाची आहे.

सस्पेन्शन

माउंटन बाइक तीन प्रकारची असते: दोन्ही चाकांना सस्पेन्शन असलेली, केवळ पुढच्या चाकाला असलेली हार्डटेल, आणि सस्पेन्शनच नसलेली. आल्प्ससारख्या डोंगराळ, दगडी उतारांच्या शर्यतींत पहिला प्रकार वेगवान ठरतो. वर्ध्यात उतार लहान आहेत आणि उंच दगडी पायऱ्या क्वचितच लागतात. येथील त्रास वेगळा आहे: वाळून कडक झालेल्या चाकोऱ्या, गुरांच्या खुरांचे ठसे आणि भेगा यांमुळे बसणारे बारीक पण सततचे हादरे. पुढे १०० मिलिमीटर सस्पेन्शन असलेली हार्डटेल त्यांना पुरेशी पडते. मागील सस्पेन्शनच्या सांध्यांतील बेअरिंगमध्ये धूळ व चिखल जाऊन वाढणारा देखभालीचा खर्च तिच्यात वाचतो.

अगदी स्वस्त सायकलींवरील सस्पेन्शन फोर्क हा मात्र बहुधा फसवा असतो. त्यात केवळ स्प्रिंग असते, उसळी रोखणारी तेलाची यंत्रणा नसते. तो जड असतो आणि काही महिन्यांत अडखळू लागतो. अंदाजपत्रक लहान असेल तर असा फोर्क घेण्यापेक्षा सस्पेन्शन नसलेला साधा फोर्क आणि चांगले टायर घेणे केव्हाही श्रेयस्कर. घेतलेल्या सस्पेन्शनला चढावर घट्ट करण्याची कळ असावी, कारण डांबरी वा टणक मुरमाच्या पट्ट्यावर उभे राहून पायडल मारताना फोर्क खालीवर होऊन श्रम वाया जातात.

चाकोरीसंबंधी एक इशारा येथेच देणे योग्य होईल. बैलगाडीच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी ओल्या मातीत खोदलेल्या चाकोऱ्या वाळल्यावर विटेसारख्या कडक होतात. पुढचे चाक एकदा त्यात उतरले की हँडल वळत नाही, आणि वळवण्याचा प्रयत्न केला की स्वार पडतो. रुंद हँडल अशा वेळी तोल सावरण्यास मदत करते. येथे रस्ते सायकलपटूंच्या अरुंद हँडलाचे अनुकरण करू नये.

गिअर

गिअरचा हिशेब पायडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते यावरून समजतो. २९ इंची चाकावर २.२ इंचांचा टायर असेल, तर चाकाचा घेर सुमारे २.२९ मीटर असतो. पुढे ३२ आणि मागे ५० दातांचे चक्र असताना एका फेऱ्यात सायकल सुमारे १.४७ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारल्यास वेग ताशी सुमारे ५.३ किलोमीटर होतो. हा जवळजवळ चालण्याचा वेग आहे, आणि बरड टेकडीच्या खड्या चढावर तोच हवा असतो. पुढे ३२ व मागे ११ दात असतील तर एका फेऱ्यात सुमारे ६.७ मीटर अंतर कापले जाते; मिनिटाला ९० फेऱ्यांनी वेग ताशी सुमारे ३६ किलोमीटर होतो. सपाट पांदणीवर याहून अधिक वेगाची गरज क्वचितच पडते. तुलनेसाठी, पुढे ४४ व मागे १८ दात असलेली एकगिअरी साधी सायकल एका फेऱ्यात सुमारे ५.४ मीटर जाते. सपाटीला ते ठीक असते. चढावर तिच्यावरून उतरावेच लागते.

पुढे एकच चक्र असलेली रचना चिखलाच्या प्रदेशात विशेष उपयोगी आहे. पुढचा डिरेलर नसल्याने चिखल साचण्याची एक जागा कमी होते. दोन वा तीन चक्रांची जुनी रचना स्वस्त असते आणि तिचे सुटे भाग अधिक सहज मिळतात. ती निरुपयोगी ठरत नाही. केवळ अधिक स्वच्छता मागते. साखळीला कोरड्या ऋतूत मेणयुक्त वंगण द्यावे. सर्वत्र मिळणारे शिलाई मशीनचे वा मोटारचे तेल धूळ धरून ठेवते आणि मुरमाच्या बारीक कणांशी मिसळून त्याची घासकागदासारखी लुकटी होते, जी साखळी व दाते झिजवते.

ब्रेक

डिस्क ब्रेक हवेत. रिमवर दाबणारे ब्रेक चिखलात माती साचवून चाक अडवतात, आणि मातीतील वाळूचे कण रिम झिजवतात. डिस्क ब्रेकमध्ये तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक ब्रेक अधिक समर्थ असतात. केबलचे ब्रेक मात्र कोठेही दुरुस्त करता येतात. शर्यतीसाठी पहिले, दूरच्या एकट्या सरावासाठी दुसरे, ही विभागणी व्यवहार्य आहे.

पायडल, बूट आणि बसण्याची स्थिती

ट्रायथलॉनमध्ये सायकलवरून उतरताच धावायचे असते. सायकलीच्या बुटाला खाली खटका असतो आणि तो पायडलमध्ये अडकतो. अशा बुटांमुळे पायाची शक्ती अधिक चांगली वापरली जाते, पण बूट बदलण्यात वेळ जातो. चिखल खटक्यात साचून बूट पायडलमध्ये अडकेनासा होतो, आणि जेथे सायकल उचलून चालावे लागते तेथे हा त्रास वारंवार होतो. नवशिक्या स्पर्धकाने खिळ्यांच्या रुंद सपाट पायडलवर धावण्याचेच बूट घालून शर्यत केली, तर पहिल्या एक-दोन हंगामांत त्याचे फारसे नुकसान होत नाही. खटक्याचे बूट घ्यायचेच असतील तर दोन स्क्रूंचा, तळव्यात बुडालेला माउंटन बाइकचा खटका निवडावा. रोड सायकलचा मोठा खटका घालून चालता येत नाही.

सीटची उंची ठरवताना पायाच्या आतील लांबीला ०.८८३ ने गुणण्याचे सूत्र प्रचलित आहे. गुणाकार म्हणजे पायडलच्या आसाच्या केंद्रापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर. आतील लांबी ८० सेंटिमीटर असेल तर ते ७०.६ सेंटिमीटर येते. आडवाटेवर यातून सुमारे एक सेंटिमीटर कमी करतात, म्हणजे उतारावर शरीर मागे नेणे सोपे होते. फ्रेमचा आकार ठरवताना दोन्ही पाय जमिनीवर टेकून सायकलीवर उभे राहावे. वरचा दांडा आणि शरीर यांमध्ये किमान पाच सेंटिमीटर अंतर असावे, कारण खडबडीत वाटेवर अचानक उतरण्याचे प्रसंग रस्त्यापेक्षा पुष्कळ अधिक येतात. फार खाली वाकलेली स्थिती वाऱ्याला कमी अडथळा करते, पण येथील वेगात तो लाभ नगण्य असतो आणि पुढच्या धावण्यात पाठ दुखते.

वजन, किंमत आणि वेळ

सायकलीची किंमत मुख्यतः वजन कमी होईल तशी चढते. हे वजन कमी करून शर्यतीत नेमका किती वेळ वाचतो, ते साध्या भौतिकशास्त्राने काढता येते. शर्यतीत एकूण ३०० मीटर चढ आहे आणि दोन सायकलींच्या वजनात ४ किलोचा फरक आहे, असे धरले, तर जास्तीचे ४ किलो ३०० मीटर वर नेण्यास सुमारे ११,८०० ज्यूल ऊर्जा लागते. स्वार २०० वॅट शक्ती लावत असेल तर त्यासाठी ५९ सेकंद, म्हणजे जवळपास एक मिनिट लागते. याउलट एका पंक्चरने अनुभवी माणसाचीही पाच मिनिटे जातात, आणि अर्धवट वाळलेल्या काळ्या मातीत चाकांना चिकटलेला दोन-तीन किलो चिखल महागड्या फ्रेमने वाचवलेले सारे वजन एका फर्लांगात परत चढवतो.

म्हणूनच मर्यादित पैशांतून प्रथम टायर, मग ब्रेक, मग गिअर आणि सर्वांत शेवटी हलकी फ्रेम असा क्रम येथे योग्य ठरतो. अ‍ॅल्युमिनिअमची हार्डटेल बहुतेकांना पुरते. पोलादी फ्रेम जड असली तरी तालुक्याच्या ठिकाणीही ती सांधता येते. कार्बन फ्रेम हलकी आणि हादरे शोषणारी असते, पण दगडाच्या आघाताने आत पडलेली चीर बाहेरून दिसत नाही.

विद्यार्थी खेळाडूंच्या बाबतीत सायकल बहुधा एकच असते आणि तीच महाविद्यालयात जाण्यासाठीही वापरली जाते. अशा वेळी दोन सायकलींऐवजी टायरच्या दोन जोड्या हा उत्तम तोडगा होय: रोजच्या वापरास आणि डांबरी सरावास गुळगुळीत, टणक जोडी, आणि आडवाटेसाठी गुंड्यांची जोडी. टायर बदलण्यास अर्धा तास पुरतो आणि त्या निमित्ताने ते काम हाताला बसते, जे शर्यतीत उपयोगी पडते. ज्याला दोन सायकली परवडतात त्याने सरावासाठी जुनी, जड सायकल ठेवावी; मात्र सीट, पायडल आणि हँडल यांची परस्पर अंतरे दोन्हींमध्ये सारखी ठेवावीत, अन्यथा शर्यतीच्या दिवशी गुडघा तक्रार करतो.

जुनी सायकल घेताना

नागपूर, पुणे, मुंबई यांसारख्या शहरांत वापरलेल्या चांगल्या माउंटन बाइक कमी किमतीत मिळतात, आणि वर्ध्यातील पुष्कळ खेळाडूंना हाच मार्ग परवडणारा असतो. पाहणी दिवसाउजेडी व सायकल धुतलेली असताना करावी. साखळीची झीज पट्टीने मोजता येते: नव्या साखळीचे २४ सांधे बरोबर १२ इंच भरतात, ते अंतर १२ आणि एक-सोळांश इंच झाले असेल तर साखळी बदलावी लागेल, आणि त्याहून पुष्कळ वाढले असेल तर मागील चक्रेही झिजलेली असणार. सस्पेन्शन फोर्कच्या चकचकीत नळ्यांवर नखाला लागणारे ओरखडे असतील तर तेथून तेल गळते. चाक उचलून फिरवावे आणि ते बाजूला हलवून पाहावे. खडखड जाणवली तर बेअरिंग गेले आहे. पायडलच्या आसाभोवती, सीटच्या नळीपाशी आणि हँडलच्या मुळाशी, जेथे दांडे जोडले जातात तेथे, रंगाला बारीक तडा गेलेला दिसला तर व्यवहार थांबवावा.

पावसाळ्यात वापरलेल्या सायकलीत फ्रेमच्या आत पाणी राहते. सीटची नळी बाहेर काढून सायकल उलटी केली, की आत साचलेले पाणी व गंज बाहेर येतो. हीच कृती आपल्या सायकलीवरही प्रत्येक मोठ्या पावसानंतर करावी. काळी माती साखळीवर वाळू देऊ नये. ती ओली असतानाच पाण्याच्या हलक्या धारेने धुवावी. मोटारी धुण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाणी बेअरिंगमध्ये शिरते. नंतर साखळी कापडाने कोरडी करून तिला वंगण द्यावे, आणि टायरवरून हात फिरवून रुतलेला सराटा काढून टाकावा.